सव्वा महिना, त्याआधी आणि त्यानंतर: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत गुटी, कावीळ आणि ‘दूध पुरत नाही’ याच तीन गोष्टींची गर्दी आहे, म्हणून सारखी पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. औषधांची प्रमाणं सरकारी दवाखान्यांत चालतात तीच दिली आहेत. तुमचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर ते ऐका.

प्रश्न: सुनेला 22 आठवडे झाले आहेत. हिमोग्लोबिन 8.9 आहे. दोन महिने लोहाच्या गोळ्या चालू आहेत, बीट-खजूर रोज देते, तरी आकडा हलत नाही. गोळीने शी काळी होते म्हणून ती घाबरते. (एक सासूबाई, बार्शी)

शी काळी होणं ही गोळी पोटात जात असल्याची खूण आहे. ती नेहमीच्या रंगाची असती, तर गोळ्या खरंच गिळल्या जातात की उशीखाली जातात, हे आम्ही आधी विचारलं असतं.

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय. 7 ते 9.9 म्हणजे मध्यम, 7 च्या खाली तीव्र. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रोज एक गोळी हा डोस रक्तक्षय होऊ नये म्हणून. झालेला रक्तक्षय भरून काढायला रोज दोन लागतात. गफलत होते ती इथेच. चौथ्या महिन्यात एक गोळी सुरू होते, मध्ये रिपोर्ट येतो, आणि तरी एकच चालू राहते. सुनेच्या माता-बाल कार्डावर काय लिहिलं आहे ते पाहा आणि आशाताई किंवा नर्सताईंना विचारून घ्या.

दुसरी गफलत वेळेची. चहा-कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी, तिन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. अनेक घरांत ‘सगळ्या गोळ्या एकदम संपवून टाक’ म्हणून लोह आणि कॅल्शियम एकाच घोटात जातं, तेही नाश्त्याच्या चहाबरोबर. कॅल्शियम (500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावं. लोहाची एक गोळी सकाळी अकराच्या सुमारास, दुसरी रात्री जेवणानंतर दोन-अडीच तासांनी झोपताना, लिंबूपाण्याबरोबर. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तास, लोह आणि चहामध्ये एक तास. मळमळत असेल तर गोळीआधी थोडं काही खाल्लं तरी चालेल. थोडं कमी शोषलं जाईल, पण उलटून पडण्यापेक्षा ते बरं. बद्धकोष्ठासाठी पाणी, पालेभाजी, पेरू.

बीट रंगाने लाल आहे, एवढंच. चार खजुरांतलं लोह गोळीतल्या 60 मिलिग्रॅमच्या जवळपासही जात नाही. खाऊ द्या, पण त्यावर विसंबू नका.

जंतांचं औषध (अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, एकदाच) चौथ्या महिन्यानंतर मिळालं का, तेही विचारा. दोन गोळ्या नीट वेळेवर घेतल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान 1 ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं तर कारण शोधायचं: शाकाहारी घरात बी-12, शिवाय थॅलेसेमिया मायनर, विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या कुटुंबात सिकलसेल. त्याची रक्ततपासणी होते, आणि सुनेत दोष निघाला तर तुमच्या मुलाचीही करावी लागते. शिरेतून लोह देण्याचा पर्याय आहेच. 34 आठवड्यांनंतर गोळ्यांना पुरेसा वेळ उरत नाही, म्हणून पुढच्या चार आठवड्यांतली तपासणी चुकवू नका. आणि बाळंतपण झालं की गोळ्या थांबत नाहीत. पुढे 180 दिवस घ्यायच्या असतात.

प्रश्न: आमच्याकडे सहाव्या दिवसापासून मधात गुटी देतात, एकेका औषधाचे दोन-दोन वेढे. नातवाला वीस दिवस झाले. डॉक्टर नको म्हणतात. आमची चार मुलं याच गुटीवर वाढली. (एक आजी, सांगली)

आजी, मुलं गुटीवर वाढली नाहीत, तुमच्या दुधावर वाढली. गुटी सोबत होती.

आधी मध. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, पापण्या जड होतात, रडणं क्षीण होतं, ओढणं कमी होतं, शेवटी श्वासावर येतं. घरी उकळल्याने बीजाणू मरत नाहीत. आजार क्वचित होतो हे खरं, पण बाळाला मधाचा उपयोग काहीच नाही. पहिल्या वाढदिवसापर्यंत बोटावरही मध नको. बारशाच्या दिवशीसुद्धा.

आता औषधं. जायफळाने बाळ ‘शांत झोपतं’ ते गुंगीने. वीस दिवसांच्या बाळाने दिवसातून आठ ते बारा वेळा उठून प्यायला हवं. गुंगीतलं बाळ दोन वेळा कमी पितं, आईचं दूधही त्याच हिशेबाने कमी होतं, आणि मग घरात ‘दूध पुरत नाही’ सुरू होतं. गुटीतलं अतिविष हे विषारी बचनागाच्या कुळातलं; पुडीत एकाऐवजी दुसरं आलं तर सहाणेवर ते ओळखू येत नाही. शिवाय सहाण, तिच्यावरचं पाणी आणि पाझरलेली खारीक, यातून जंतू थेट पोटात. जुलाब सुरू झाले की दोष दातांना किंवा आईच्या खाण्याला दिला जातो.

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, ग्राइप वॉटर नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब (रोज 400 युनिट) आणि औषधं तेवढी चालतात. तुमचे हात मालिशला, ढेकर काढायला आणि सुनेला दोन तास सलग झोप मिळवून द्यायला लागतीलच. मालिश हलक्या हाताने, खोबरेल तेलाने. नाका-कानात तेल नको, डोक्याला ‘आकार देणं’ नको आणि बाळाची छाती पिळणं तर मुळीच नको. जन्मानंतर आईच्या हार्मोनमुळे मुलाच्याही स्तनांना सूज येते, ती आपोआप जाते. पिळल्याने तिथे पू होतो.

प्रश्न: बाळ नऊ दिवसांचं आहे. संध्याकाळी सहा ते दहा सतत रडतं, सारखं अंगावर मागतं. सगळे म्हणतात दूध पुरत नाही, पावडर चालू कर. दूध पुरतं की नाही हे कळायचं कसं? (एक वाचक, पिंपरी, अशीच आणखी बरीच पत्रं)

रडण्यावरून कळत नाही. स्तन सैल लागतात किंवा पिळल्यावर थोडंच येतं, यावरूनही नाही. दोन गोष्टींवरून कळतं: शू आणि वजन.

पाचव्या दिवसानंतर बाळाने 24 तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची शू केली पाहिजे. एक दिवस डायपर काढून लंगोट वापरा आणि मोजा. शी एव्हाना काळी-हिरवी जाऊन पिवळी, पातळसर झालेली असते. वजनाचं असं की पहिल्या तीन-चार दिवसांत सात टक्क्यांपर्यंत घट साधारण चालते आणि 10 ते 14 दिवसांत बाळ जन्मवजनावर येतं. त्यानंतर रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ. म्हणजे 3 किलोचं बाळ चौथ्या दिवशी 2.8 झालं तर धावाधाव नको, 2.7 किंवा त्याखाली गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. वजन दर वेळी एकाच काट्यावर, कपड्यांशिवाय.

संध्याकाळचं सलग पिणं ही या वयाची रीत आहे. त्यातून बाळ पुढच्या दिवसांच्या दुधाची मागणी नोंदवतं. त्या वेळी पावडर दिली की स्तन रिकामा होत नाही, मागणी नोंदली जात नाही, आणि चार-पाच दिवसांत दूध खरंच कमी होतं. रात्रीचं पाजणं याच कारणाने सोडू नये. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं.

आता बाळ नीट धरतं का ते पाहा, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. पाठीला टेकून बसा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. फक्त मान वळवून पाजू नका. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा, स्तनाग्र वरच्या ओठाला लावा आणि तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबा. मग बाळाला जवळ घ्या. स्वतः पुढे वाकू नका. नीट धरलं असेल तर हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग तोंडाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं किंवा सोडल्यावर स्तनाग्र चपटं, लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसलं, तर पकड उथळ आहे. करंगळी तोंडाच्या कडेने घालून सोडवा, पुन्हा लावा. चिरा पडल्या असतील तर स्वतःचंच दोन थेंब दूध लावून वाळू द्या.

एक बाजू पूर्ण होऊ द्या, मग दुसरी. ‘दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे’ असं घड्याळ लावलं की शेवटचं, स्निग्धांश जास्त असलेलं दूध राहून जातं.

बाळाला झोपेतून उठवूनही ओढता येत नसेल तर हाताने दूध काढा. हात धुऊन अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटिमीटरवर. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे. त्वचेवरून बोटं घासायची नाहीत. उकळलेल्या वाटीत काढून चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा, बाटलीने नको. हे दूध खोलीत चार तास, फ्रिजमध्ये (दारात नव्हे, आतल्या बाजूला) 24 तास चालतं. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही.

शतावरीने दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही. घेतलीत तर घ्या, साखर किती आहे ते बघा. वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनी पावडर सुरू केलीच, तर डब्यावरचं प्रमाण तंतोतंत पाळा: आधी उकळून घेतलेलं पाणी मोजायचं, मग सपाट चमचा. महाग म्हणून पातळ केलेल्या पावडरीवर बाळाचं पोट भरतं, वजन वाढत नाही.

एक स्तन लाल, कडक, दुखरा होऊन थंडी-ताप आला तर त्या बाजूने पाजणं बंद करू नका. बंद केल्यानेच गळू होतं. पाजत राहून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: बाळाला कावीळ आहे, कोवळं ऊन देतो. पुरे का? (तीन पत्रं)

खिडकीतल्या उन्हाने कावीळ उतरते हा समज डॉक्टरमंडळींनीच पिढ्यान्‌पिढ्या पोसला आहे. काविळीवर काम करतो तो निळा प्रकाश. दवाखान्यात तो उघड्या अंगावर तासन्‌तास, मोजून दिला जातो. उन्हात तेवढा वेळ ठेवलं तर बाळ तापेल किंवा गारठेल.

पाहायचं ते हे. कावीळ पहिल्या 24 तासांत दिसली तर थांबायचं नाही. बहुधा रक्तगट जुळत नसतो (आई आरएच निगेटिव्ह किंवा ‘ओ’). दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर सुरू होऊन आठवड्या-दीड आठवड्यात ओसरणारी नेहमीची. पण बाळाला दिवसाच्या उजेडात पाहा: पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, बाळ सुस्त झालं किंवा पीत नाही, तर रात्र असली तरी निघा. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा पिवळा घटक) मेंदूत साठलं तर बहिरेपणा आणि मेंदूची कायमची हानी होते, आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे.

14 दिवसांनंतरही कावीळ राहिली तर शीचा रंग बघा. पांढरट, मातकट शी आणि लंगोटाला पिवळा डाग पाडणारी शू म्हणजे पित्तनलिका बंद असू शकते. त्याची शस्त्रक्रिया बाळ 60 दिवसांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त; ‘दुधाची कावीळ आहे, जाईल’ म्हणण्यात महिना निघून जातो.

एक घरगुती गोष्ट: ट्रंकेतली जुनी झबली-दुपटी डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली असतात. जी-6-पीडी नावाचं विकर कमी असलेल्या बाळांत त्या वासानेही रक्तपेशी फुटतात आणि कावीळ भडकते. ते कपडे धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा. गोळ्या मात्र बाळाच्या कपड्यांत नकोतच.

प्रश्न: शेक-शेगडी, धुरी, पोट बांधणं, पाणी कमी देणं, यातलं काय ठेवायचं? (एक माहेरवाशीण, चिपळूण)

पाणी कमी देणं सोडा. पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते. प्रत्येक वेळी पाजताना शेजारी भरलेला तांब्या हवा. बंद खोलीतली कोळशाची शेगडी सोडा. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेल्या आई-बाळाला तो कळत नाही. ओवा-वावडिंगाच्या धुराने बाळाच्या श्वासनलिका सुजतात. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी, आईच्या कमरेला. सिझेरियनच्या टाक्यांवर नाही.

पोट हलकं बांधलं तर आधार वाटतो, हरकत नाही. घट्ट बांधलं तर दाब खाली ओटीपोटाच्या स्नायूंवर जातो आणि अंग बाहेर येण्याचा, लघवी सुटण्याचा त्रास वाढू शकतो. सव्वा महिना खाटेवरच राहणंही नको: पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, हे तातडीचं.

अळिवाची खीर, डिंक-मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपू ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात, त्यातला मोठा वाटा लाडू भरून काढतो. गरोदरपणात साखर वाढली असेल तर लाडवांवर लगाम, आणि सहा आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा. डाळ, उसळ, फळं, ताक यांनी बाळाला ‘वात’ होतो म्हणून आईला फक्त वरण-भातावर ठेवणं चुकीचं आहे.

प्रश्न: बाळंतपण होऊन पाच दिवस झाले. बायकोचं डोकं प्रचंड दुखतं, डोळ्यापुढे चमकतं. बाळंतपण झालं म्हणजे बीपीचा धोका टळला ना? (एक नवरा, नांदेड)

टळलेला नाही. हे छापून येईपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे. पत्रातली लक्षणं त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याची होती. बाळंतपणानंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढतो, नेमका घरी आल्यावर. झटके सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतात, गरोदरपणी बीपी नॉर्मल असलेल्या बाईलाही. 140/90 पासून पुढे डॉक्टरांना कळवायचं, 160/110 ला लगेच भरती. बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, दृष्टी अंधुक होणं, ही तीच लक्षणं. (कमरेत सुई देऊन सिझेरियन झालं असेल तर बसल्यावर वाढणारं आणि आडवं झाल्यावर थांबणारं डोकं वेगळं, पण आधी बीपी मोजून मगच तसं म्हणावं.)

झटका आला तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट-पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, 108 ला फोन करा. जवळच्या आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं. पहिला डोस देऊनच पुढे पाठवायला सांगा.

याच दिवसांत आणखी: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, लिंबापेक्षा मोठ्या गुठळ्या पडत असतील, ताप 100.4 च्या वर असेल किंवा स्रावाला घाण वास येत असेल, तर वाट पाहायची नाही.

प्रश्न: दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला जाते. सहावा महिना आहे. तिकडे तपासणी कोण करणार? (केज तालुका, बीड)

ज्या गावाच्या शिवारात कोपी (टोळीची झोपडी) पडेल, त्या गावचं उपकेंद्र. तपासणीला तिथला रहिवासी असावं लागत नाही. माता-बाल कार्ड सोबत हवं, आणि त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये. निघण्याआधी इकडच्या नर्सताईंकडून तीन महिन्यांच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि धनुर्वात-घटसर्पाच्या इंजेक्शनची नोंद करून घ्या. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाताईंना गाठा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी डॉक्टर करतात. मुकादमाशी त्या दिवसाचं आधीच बोलून ठेवा. सातव्या महिन्यापासून डोक्यावर मोळी आणि ट्रॉलीवर चढणं नको. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषधं आणि ने-आण मोफत आहे. परतीचा प्रवास शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. तिकडेच बाळंत व्हायचं ठरलं तर कुठल्या दवाखान्यात, ते आठव्या महिन्यात ठरवा.

थोडक्यात

*मिश्री सुटत नाही, ती काही तंबाखू खाणं नाही ना?* तंबाखूच आहे, भाजलेली. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, वारेचा रक्तपुरवठा कमी होतो, बाळ वजनाने कमी भरतं. आजच बंद.

*नाळेला हळद-तेल?* काहीही नाही. कोरडी, उघडी, लंगोटाच्या वर. पाच ते पंधरा दिवसांत गळते. भोवतीची कातडी लाल झाली तर दवाखाना.

*बीसीजीच्या जागी महिन्याने पू दिसतो.* अपेक्षित आहे. फोडू नका, मलम नको. दोन-तीन महिन्यांत वण राहतो. काखेत मोठी गाठ आली तर मात्र दाखवा.

*बाळ 1,900 ग्रॅमचं आहे, कधी आंघोळ घालू?* अडीच किलो होईपर्यंत पुसून घ्या. तोवर आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर, टोपी-मोजे-लंगोटावर, दिवसातले जास्तीत जास्त तास. जन्मानंतर 30 दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हवी. 2 किलोखालच्या बाळांत ती राहून गेली तर दृष्टी जाऊ शकते.

*तीन आठवडे झाले, रडूच येतं, बाळाला घ्यावंसं वाटत नाही.* पहिल्या दहा-बारा दिवसांतलं रडू हार्मोनचं. दोन आठवड्यांपुढे टिकलं तर ते नैराश्य, आणि त्यावर पाजताना चालणारी औषधं आहेत. 14416 वर ‘टेलि-मानस’ला कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं. बाळंतीण रात्र-रात्र झोपत नसेल, आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर ती बाधा नाही. तिला बाळासोबत एकटं न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

*पाळी आली नाही तोवर दिवस जात नाहीत ना?* तीन अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तरच: बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी एकदाही आलेली नाही, आणि बाळ रात्रंदिवस फक्त अंगावर. रात्री एक बाटली सुरू झाली तरी हिशेब मोडतो. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांत किंवा मग सहा आठवड्यांनी बसवता येते. ‘अंतरा’ इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. दुधावर परिणाम होत नाही, पाळी मात्र अनियमित होते, ते आधीच माहीत असू द्या.